भिंगरीने लावलेल्या पाट्या

"चमचे?" तक्रारसाहेब ओरडले. "चार चमच्यांवरून माझ्या पोरीची अक्कल काढणारी ही बाई कोण लागून गेली?"

"चार नाही, पाच," बायको ओला टॉवेल झटकत म्हणाली. "आणि अक्कल कोणी काढलेली नाही. बालवाडीच्या बाई एवढंच म्हणाल्या, की पाच चमचे आण सांगितलं तर ही मूठभर घेऊन आली. शंभरपर्यंत पाठ आहे, पण मोजता येतं का ते समजत नाही. आज तीन वाजता घरी येऊन बघणार आहेत. मग ठरवतील, वरच्या वर्गात पाठवायचं की अजून एक वर्ष तिथेच बसवायचं."

ज्या पोरीबद्दल हे चाललं होतं ती साडेचार वर्षांची भिंगरी बाल्कनीच्या दारात कपडे वाळत घालायच्या चिमट्यांची टोपली घेऊन उभी होती. तिने बाबांकडे बघितलं, टोपलीतून एक लाल चिमटा काढला आणि फ्रॉकच्या घेराला लावला. हिला काय सुचेल त्याचा नेम नाही, म्हणून कोणी काही विचारलं नाही.

तक्रारसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठा कार्यालयात ते तक्रारींच्या खिडकीमागे बसत. दिवसभर माणसं येऊन त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत आणि ते प्रत्येकाला शांतपणे एकच वाक्य ऐकवत, "आपली गैरसोय झाली, त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत." त्या वाक्याखाली दाबलेला सगळा राग ते संध्याकाळी रिकाम्या डब्याबरोबर घरी आणत. इमारतीतले लोक हुशार. एवढा चांगला राग वाया कशाला घालवायचा, असा विचार करून त्यांनी साहेबांना सेक्रेटरी करून टाकलं. रंगारी, प्लंबर, दुकानदार यांच्याशी भांडायला घरातल्या घरात माणूस मिळाला.

"भिंगरे, म्हणून दाखव," साहेबांनी फर्मावलं.

भिंगरीने एका पायावर गिरक्या घेत शंभरपर्यंतचे आकडे म्हणून टाकले. एकोणसत्तरला अडखळली नाही, एकोणनव्वदला श्वाससुद्धा घेतला नाही. साहेबांनी खटला जिंकलेल्या वकिलासारखं बायकोकडे बघितलं.

"पाठ आहे हो. शंभर म्हणजे किती, ते कळतं का हा प्रश्न आहे," बायको म्हणाली. "बाई म्हणतात, घोकून घेऊ नका. खेळता खेळता, रोजची कामं करता करता मोजू दे. पायऱ्या मोजा, बटणं मोजा. म्हणून तर सकाळी मी तिला ही टोपली दिली. म्हटलं, तुला हवं ते मोज. एकाला एक चिमटा."

"खेळून कोण शहाणं झालंय?" साहेब पुटपुटले. पण बाईंचं ते खेळता खेळता मोजायचं त्यांच्या डोक्यात राहिलं आणि पुढचा सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

त्याच वेळी जिन्यातून रंगाऱ्याने हाक मारली. इमारतीची आठही दारं त्याने आदल्या दिवशी रंगवली होती. त्यासाठी दारांवरच्या नंबरांच्या पाट्या उतरवून एका बादलीत ठेवल्या होत्या. "दारं वाळलीत साहेब. पाट्या तेवढ्या तुम्हीच लावा. मागच्या वेळी मी लावल्या, तर सहाची नवावाणी उलटी लागली म्हणून तुम्ही मला महिनाभर झापत होतात."

साहेबांनी बाहेर येऊन दारं बघितली. रंग पिस्ता ठरला होता. समोर होता तो शेवाळ्याचा.

"हा पिस्ता?" ते एवढ्या मोठ्याने ओरडले की वरच्या मजल्यावरचं जुळ्यांपैकी एक जागं झालं, आणि त्याच्या आवाजाने दुसरं. "असला पिस्ता कोणाच्या बापाने खाल्लाय?"

"दुकानवाल्याने जो डबा दिला तो मी लावला," म्हणून रंगारी शिडी खांद्यावर टाकून निघून गेला. त्याला साहेबांचा अनुभव जुना होता.

भिंगरीच्या फ्रॉकला दुसरा चिमटा लागला.

आता दुकानवाल्याला फोन करणं भाग होतं. पण पाट्या? साहेबांची नजर भिंगरीवर गेली आणि त्यांचा चेहरा उजळला. आठ दारं, आठ पाट्या. रोजचं काम, वर खेळ आणि वर आकडे. त्या बाई तीन वाजता येतील तेव्हा त्यांना सांगता येईल, की अख्ख्या इमारतीचे नंबर माझ्या मुलीने लावलेत. तळमजल्यापासून वर जायचं, एकामागून एक. ह्यात चुकायला काय आहे?

"भिंगरे, ही बादली आणि हे तुझं स्टूल घे. प्रत्येक घरापाशी जायचं. नीट बघायचं, नीट मोजायचं आणि बरोबर नंबर लावायचा. एका दाराला एकच पाटी. जमेल?"

"जमेल," भिंगरी म्हणाली.

तिला हात पुरणार होता, कारण इमारतीचे आधीचे सेक्रेटरी अतिशय बुटके होते. त्यांनी पाट्यांचे खिळे स्वतःच्या नाकासमोर ठोकून घेतले होते आणि ह्या खिळ्यांपायी उंच पाहुणे वर्षानुवर्षं वाकून नंबर वाचत होते.

भिंगरी कामाला लागली. साहेब जिन्यात फोनवर होते, त्यामुळे त्यांना तिचं स्टूल सरकल्याचे आवाज फक्त ऐकू येत होते. एकेका दारासमोर ती बराच वेळ थांबत होती. बोटं दुमडत होती. एकदा तिने एका दारासमोर वर छताकडे टक लावून काहीतरी मोजलं. साहेबांनी हे सगळं बघितलं असतं तर गोष्ट इथेच संपली असती. पण दुकानवाला फोनवर म्हणाला, "साहेब, बाहेरच्या उजेडात बघा, पिस्ताच दिसेल," आणि साहेबांना दुसरं काही दिसेनासं झालं.

"मी काय आंधळा आहे?" ते फोनमध्ये ओरडले. "थांब, तिथेच येतो!"

चपला पायात सरकवून ते कोपऱ्यावरच्या दुकानाकडे तरातरा निघाले. भिंगरीने तिसरा चिमटा लावला आणि पुढच्या दाराकडे वळली.

दुकानात काय झालं ते इथे सांगण्यासारखं नाही. दोन तासांनी साहेब परत आले तेव्हा त्यांच्या हातात नवा डबा नव्हता, शर्टाच्या बाहीवर मात्र शेवाळी डाग होता. पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशीच मोजणीदार आजोबा काठी रोवून उभे होते.

हे आजोबा चार नंबरात एकटे राहत. उभा जन्म त्यांनी जमिनींची मोजणी करण्यात घालवला होता आणि निवृत्त झाल्यावर मोजायला जमीन नाही म्हणून ते लोकांच्या चुका मोजत. त्यांच्या न्हाणीघरात पाणी झिरपत होतं. गळती नेमकी कुठे आहे हे त्यांनी टेप लावून शोधून काढलं होतं. मिळत नाही मिळत नाही करत शेवटी आज एक प्लंबर येणार होता.

"सेक्रेटरी, कुठे आहे तो प्लंबर? सकाळपासून आत बसून वाट बघतोय. आणि माझ्या दाराला एक नंबर कोणी दिला? चाळीस वर्षं मी चार नंबरात राहतो. माझी पेन्शन चार नंबरात येते. उद्या मेलो तर न्यायलासुद्धा चार नंबरात येतील!"

साहेबांनी वाकून बघितलं. खरंच, आजोबांच्या दारावर एकची पाटी होती. समोरच्या तीन नंबरवर आठची होती. तिथल्या काकूही बाहेर आल्या होत्या.

"भिंगरीला मी विचारलं, आमच्याकडे आठ काय आहे गं?" काकू रडकुंडीला येऊन म्हणाल्या. "तर तिने दारावरच्या दिव्यापाशी बोट दाखवलं. म्हणते, कोळ्याला आठ पाय आहेत. म्हणजे आता आमचं घर जळमटांवरून ओळखायचं का हो?"

"भिंगरेऽऽ!" साहेब ओरडले.

वरच्या मजल्यावरून चिमटा लागल्याचा बारीकसा टक् आवाज आला. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा आवाज आला, तो मात्र बारीक नव्हता. हातोड्याचा होता. धाड, धाड, धाड, आणि मग फरशी फुटून खाली पडल्याचा.

"हा तर आमच्या घरातून येतोय," साहेब म्हणाले आणि तीन-तीन पायऱ्या गाळत वर धावले. मागून आजोबा, आजोबांच्या मागून काकू.

साहेबांच्या सहा नंबरच्या दारावर चारची पाटी डौलाने लटकत होती. आत न्हाणीघरातून पांढरा धुरळा बाहेर येत होता. प्लंबर डावी भिंत अर्धी उकलून आत डोकं घालून बसला होता.

"ही काय मोगलाई आहे?" साहेब ओरडले. "माझ्या घराची भिंत कोणाच्या परवानगीने फोडलीस?"

प्लंबरने डोकं बाहेर काढलं. त्याच्या भुवयांवर चुना होता. "परवानगी कसली साहेब? फोनवर आजोबा म्हणाले, चार नंबर, डावी भिंत, बेसिनपासून दीड हातावर. कोणी काही म्हटलं तरी ऐकू नकोस, मी मोजून काढलंय. मी बरोबर दीड हातावर फोडलं. पाइप ठणठणीत आहे. मला वाटलं, आजोबांची मोजणी चुकली."

"माझी मोजणी?" आजोबांनी काठी आपटली. "माझी मोजणी आजवर चुकलेली नाही! घर चुकलास तू!"

"दारावर चार लिहिलंय, मी काय घराला आधार कार्ड मागू?"

साहेब आता बायकोकडे वळले. हीच त्यांची त्या दिवशीची सगळ्यात मोठी चूक. "आणि तू? तू घरात असताना भिंत फुटतेच कशी?" ते ओरडले. "विचारायला तोंड नव्हतं?"

बायको दिवसभर शांत होती. म्हणजे लग्न झाल्यापासून शांत होती. तिने हातातलं धूळ पुसायचं फडकं खाली टाकलं.

"तोंड होतं. गेलं वर्षभर ह्याच तोंडाने सांगतेय, की नळ गळतोय, माणूस बोलवा. अख्ख्या गावाच्या पाण्याच्या तक्रारी ऐकता, घरातला नळ तेवढा ऐकू येत नाही. आज प्लंबर आपणहून दारात उभा राहिला, तेव्हा मला वाटलं, ह्यांनी एकदाचं मनावर घेतलं. चहा करून दिला मी त्याला. जरा बरं वाटलं होतं हो मला! त्या पाट्या लावायला पोरीला कोणी पाठवलं? मी?"

कोंडीत सापडलं की साहेबांचा राग दुप्पट होई, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे आजोबांनी एक पाऊल मागे घेतलं. भिंगरी मोरीच्या उंबऱ्याशी उभी होती. तिचा फ्रॉक आता एका बाजूला चिमट्यांच्या वजनाने लोंबत होता.

इतक्यात जिन्यात पावलं वाजली आणि बालवाडीच्या बाई दारात आल्या. घड्याळात पावणेचार झाले होते. बाईंचा चेहरा लाल होता आणि आवाज बसला होता. पण साहेबांनी चेहरा बघितलाच नाही, फक्त घड्याळ बघितलं.

"तीन वाजता येणार होतात ना?" साहेब ओरडले. "मुलांना वेळ शिकवता आणि स्वतः पाऊण तास उशिरा?"

"मी तीनलाच आले होते," बाई घोगऱ्या आवाजात, पण तेवढ्याच रागाने म्हणाल्या. "तुम्ही सांगितलं होतं, सहा नंबर. तळमजल्यावर सहा नंबरची बेल वाजवली. तिथल्या गाणं शिकवणाऱ्या बाईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, नवीन विद्यार्थिनी ना, उशीर केलात, बसा. मी म्हणतेय, अहो मी मुलीसाठी आलेय, तर म्हणतात, मुलीचं मागाहून, आधी तुमचा आवाज बघू. पाऊण तास आ लावून बसलेय मी! बोलू देईनात. शेवटी म्हणाल्या, गळा नाही तुम्हाला. तुमचा आरडाओरडा ऐकला म्हणून हे घर तरी सापडलं. माझ्या उभ्या आयुष्यात माझा एवढा अपमान झाला नव्हता!"

खोलीत सगळेच एकमेकांवर डोळे काढून उभे होते. प्लंबर तेवढा चहाचा उरलेला घोट घेत होता. भिंगरीने टोपलीतून आणखी एक चिमटा काढून लावला. मग मान खाली घालून, प्रत्येक चिमट्याला बोट लावत तिने फ्रॉकचा घेर पुरता मोजला. समाधान झाल्यासारखी ती बाहेर गेली, जिन्यातल्या बादलीतून शिल्लक राहिलेली एकमेव पाटी घेऊन आली, स्टुलावर चढली आणि चारच्या पाटीवर तिने ती अडकवली. सातची.

बाईंचा राग तिथल्या तिथे थबकला. त्या गुडघ्यांवर बसल्या. "हे काय गं लावलंस?"

"नंबर. बाबा म्हणाले, प्रत्येक घरापाशी नीट बघ, मोज आणि बरोबर नंबर लाव." भिंगरी बोटावर सांगू लागली. "खाली गाणंवाल्या मावशींच्या दाराबाहेर सहा बूट होते. समोर पाच कुंड्या. जुळी बाळं दोन. वर सायकलला चाकं तीन. काकूंच्या कोळ्याला पाय आठ."

काकूंनी तोंड फिरवलं.

"आणि समोरचं ते कुलूप लावलेलं घर? तिथे पाटीच नाही," बाईंनी विचारलं.

"तिथे काहीच नाही. शून्याची पाटी बादलीत नव्हती."

"आणि माझ्याकडे एक का?" आजोबा मध्येच गरजले. पण गरजण्यात नेहमीचा जोर नव्हता.

"तुम्ही एकच आहात ना."

आजोबांना राग आला. पोरीचा नाही, पाटीचा. एकटं असणं एक गोष्ट आणि ते दारावर टांगून ठेवणं दुसरी. "ते काय सगळ्या जगाला सांगायचं असतं?" ते काठीकडे बघत म्हणाले.

भिंगरीने जरा विचार केला. "आमच्याकडे आई, बाबा, मी आणि बरणीतला मासा मिळून चार. तुम्ही चहाला आलात की पाच होतात. पण पाचाची पाटी मी कुंड्यांना दिली."

आजोबांनी खाकरून घसा साफ केला आणि कोणी बस न म्हणता खुर्ची ओढून बसले. बायकोने चहाचं आधण ठेवलं.

"मग ही सातची पाटी कसली?" बाईंनी विचारलं.

भिंगरीने फ्रॉकचा घेर दोन्ही हातांनी पसरून धरला. "ही पण आमच्याच घराची. सकाळपासून बाबा ओरडले ते. आई म्हणाली, हवं ते मोज, एकाला एक चिमटा." मग प्रामाणिकपणे तिने पुस्ती जोडली, "दुकानातलं धरलं नाही. तिथे मी नव्हते."

मोजणीदार आजोबांनी खिशातून चष्मा काढला, पुढे वाकले, चिमटे एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून मोजले. "बरोबर आहे," त्यांनी निकाल दिला. मोरीत प्लंबरला ठसका लागला.

"मोजता तर हिला उत्तम येतं," बाई चक्रावून म्हणाल्या. "मग भिंगरी, परवा मी पाच चमचे मागितले, तर तू मूठभर का आणलेस?"

"मूठभर नाही, नऊ आणले. मुलं नऊ होती. पाचच आणले असते, तर बाकीच्या चौघांनी काय करायचं?"

बाईंचं तोंड उघडं राहिलं. त्या दिवशी खाऊच्या वेळी चौघेजण हात धुवायला गेले होते, हे त्यांना आत्ता आठवलं. "वरच्या वर्गात बसवू या," त्या हळूच म्हणाल्या. "सोमवारपासूनच."

तक्रारसाहेबांच्या कानात हे शब्द शिरले मात्र, त्यांची छाती फुगली. तळपायापासून एक लाट उठली. सकाळपासून ते जे म्हणत होते ते खरं ठरलं होतं. चमच्यांवरून अक्कल काढणारी बाई समोर बसली होती, चूक कबूल करून बसली होती. आता ते सोडणार नव्हते. काय काय बोलायचं ते सगळं जिभेवर तयार होतं. त्यांनी एक बोट वर केलं, खोल श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

भिंगरीने टोपलीत हात घातला. एक पिवळा चिमटा काढला, दोन बोटांनी दाबून त्याचा जबडा फ्रॉकपाशी उघडा धरला आणि बाबांच्या तोंडाकडे बघत थांबली.

बायको थांबली. बाई थांबल्या. आजोबांनी चष्मा पुन्हा नाकावर चढवला.

साहेबांचं वर केलेलं बोट हळूहळू खाली आलं. फुगलेली छाती बसली. त्यांनी फुटक्या भिंतीकडे बघितलं, दारावरच्या दोन पाट्यांकडे बघितलं आणि मग खिडकीमागून बोलायच्या आवाजात म्हणाले, "आपली गैरसोय झाली, त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

भिंगरीने चिमटा टोपलीत परत टाकला.